देव हलले, देवस्व राहिले

सासष्टी महालातील देवालयांचा १५६७ साली विध्वंस झाला. झुवारीपलीकडे, आदिलशाही अंमलातील अंत्रुज महालात देवांना कसे नेले, ही कथा प्रत्येक महाजन कुटुंबात परंपरेने सांगितली जाते. त्यानंतर कायद्याच्या वाटेने जे हरपले त्याची वाच्यता मात्र क्वचितच होते.

मूर्ती हलविता आल्या. शेते आणि माडांच्या बागा हलविणे शक्य नव्हते. पूजाअर्चेसाठी व सेवेकऱ्यांच्या निर्वाहासाठी गांवकरीने तोडून दिलेल्या या जमिनी म्हणजेच देवस्व. तिसवाडीतील देवळे पाडल्यावर १५४१ साली तेथील गांवकऱ्यांची संमती घेऊन देवस्वाचे उत्पन्न चर्चकडे वळविण्यात आले होते. देऊळ जमीनदोस्त झाल्यावर मागितलेल्या संमतीचे मोल काय असणार! सासष्टीत पुढे तेच घडले. दाद मागावी, तर न्यायासनही त्याच सत्तेचे.

घरादारांची स्थिती याहून बिकट होती. परागंदा झालेल्यांच्या मिळकती जप्त करण्याचे हुकूम निघत. १५५९ च्या राजाज्ञेने पोरक्या हिंदू मुलांचा ताबा सरकारने आपल्याकडे घेतला. त्यांना सेंट पॉल कॉलेजच्या पाद्र्यांकडे सोपविण्यात येई. नातलगांच्या घरी मूल वाढविणे हाच गुन्हा ठरला.

दैवगती अशी की, ही मालमत्ता ताब्यात घेण्यासाठी ज्या याद्या झाल्या, त्यांतच गावोगावची देवळे, देवतांची नावे व त्यांच्या जमिनी नोंदल्या गेल्या. गोव्याच्या देवालयांचा शोध घेणाऱ्या अभ्यासकांना त्याच दप्तराचा आधार घ्यावा लागतो.

अंत्रुजात देवांना निवारा लाभला. पण उत्पन्नाची तरतूद व्हावयास पावणेदोनशे वर्षे लोटली. नारो राम मंत्री यांच्या खटपटीने छत्रपती शाहूंनी १७३९ साली कवळे गाव श्रीशांतादुर्गेस इनाम दिला. १७६३ मध्ये फोंडा पोर्तुगीजांकडे गेला, तेव्हा ज्यांच्यापासून दूर नेले त्यांच्याच अमलाखाली देव पुन्हा आले! या खेपेस मात्र लोकांच्या धर्मास व रीतिरिवाजांस हात न लावण्याचे आश्वासन मिळाले. १८८६ च्या व त्यानंतर १९३३ च्या नियमावलीने महाजनसंस्थांना कायद्याची मान्यता दिली आणि महाजनांच्या याद्या सरकारदरबारी नोंदल्या गेल्या. केळशी, कुठ्ठाळी, वेर्णे येथील कुळांचा आपापल्या देवांवरील हक्क असा कवळे, मंगेशी व म्हार्दोळ येथे लेखी झाला. सासष्टीतील ते जुने देवस्व मात्र परत मिळाले नाही.