टायनी ब्रॉडविक

अमेरिकेतील उत्तर कॅरोलायनात कापसाच्या गिरणीत राबणारी, कोवळ्या वयातच आई झालेली एक मुलगी लेकरू आपल्या आईपाशी ठेवून चार्ल्स ब्रॉडविक यांच्या फिरत्या मंडळीत गेली. १९०८ साली तिने बलूनमधून पहिली उडी घेतली. चणीने लहान, म्हणून नाव 'टायनी'. १९१३ साली लॉस एंजेलिस येथे ती विमानातूनही उतरली.

१९१४ साली सान दिएगो येथे लष्करी अधिकाऱ्यांसमोर उडी घेताना छत्री उघडणारी दोरी विमानाच्या शेपटीत अडकली. ती डगमगली नाही. पुढच्या उडीत तिने ती दोरी आखूड कापली व हवेत स्वतःच्या हाताने ओढून छत्री उघडली. १९७८ साली ती निवर्तली. जगाने ज्यांस तमासगीर मानले, त्या जत्रेतील मंडळींनीच वैमानिकांस जीव वाचविण्याची वाट दाखविली, हे आपण विसरू नये.