जुनी गिअर सायकल : आधी खर्च कशावर?

नागपुरात सेमिनरी हिल्सचा चढ किंवा फुटाळा तलावाचा काठ सायकलने फिरण्यासाठी जुनी, स्वस्त माउंटन बाइक घेतली जाते. अशा वेळी प्रथम फ्रेम पाहावी. नळ्यांच्या सांध्यांवर तडा असल्यास सायकल फुकट मिळाली तरी महागच पडते. फ्रेमवरील क्रमांक नोंदवून विक्रेत्याकडून पावती घ्यावी.

पहिला खर्च ब्रेकवर करावा. झिजलेले रबर व गंजलेल्या तारा बदलण्यास फार पैसे लागत नाहीत. प्रश्न मात्र जिवाचा असतो. मे महिन्यात नागपूरचा पारा अनेकदा ४५ अंशांवर जातो. उन्हात राहून कडांना भेगा पडलेले टायर बदलावेत.

त्यानंतर चेन. नव्या चेनच्या २४ कड्या सुमारे ३०५ मिलिमीटर भरतात. त्या ३०८ मिलिमीटर भरल्यास चेन बदलावी आणि फ्रीव्हीलचे दातेही तपासावेत. झिजलेल्या दात्यांवरून नवी चेन सटकते. चाकांचा आउट काढावा, छर्रे धुऊन नवे ग्रीस भरावे. तेल-ग्रीस रिमला लागू देऊ नये.

गिअरचा खर्च शेवटी. सपाट रस्त्यावर तीन-चार गिअर नीट पडले तरी भागते. ब्रेकचे तसे नसते.