आठ वारांचा गणवेश



गेल्या नोव्हेंबरमधल्या संचलनाचा माझा फोटो आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर गेला आणि प्रश्नांचा पाऊस पडला. "हा चौकडीचा फ्रॉक कसला?", "वर स्काउटचा शर्ट, खाली हे काय?", "थंडी नाही का वाजत?" शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे: वाजते. बाकीच्यांची उत्तरे चार ओळींत मावणारी नव्हती. संपादक मंडळाने ती स्मरणिकेसाठी लिहून मागितली, म्हणून हा लेख.

नोकरीनिमित्त मी बरीच वर्षे एडिंबऱ्यात राहते. दिवसभर सॉफ्टवेअर, आणि आठवड्यातली एक संध्याकाळ स्काउट पथकासाठी. साडेदहा ते चौदा वर्षांची मुले-मुली चर्चच्या सभागृहात जमतात. गाठी, नकाशे, स्वयंपाक, तंबू, सगळे आपल्या शाळेतल्यासारखेच. शिकवणारे आम्ही सगळे बिनपगारी. गणवेश म्हणजे फिका दगडी शर्ट, गळ्यात गटाचा स्कार्फ आणि गडद निळी पँट किंवा स्कर्ट. स्कॉटलंडमध्ये मात्र त्या पँटच्या जागी किल्ट चालतो, आणि समारंभाच्या दिवशी बरेच जण तो घालतात.

मी किल्ट घ्यायचे ठरवले तेव्हा आमच्यातले एक वयस्कर स्वयंसेवक म्हणाले, "घाल की. पण कोणत्या कुळाचा घालणार? आणि किल्ट तसा पुरुषांचा पोशाख, नाही का?" सूर प्रेमळ होता, पण प्रश्न खरा होता. जे आपले नाही ते अंगावर चढवण्याचा हक्क आपल्याला आहे का? कोडमधली प्रत्येक ओळ कोणी, कधी आणि का लिहिली हे मागे जाऊन पाहण्याची आम्हा लोकांना सवय असते. किल्टच्या बाबतीतही मी तेच केले.

सुरुवात सोळाव्या शतकाच्या अखेरीस होते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागातले, म्हणजे हायलँड्सचे, पुरुष तेव्हा एक लांबच लांब लोकरी वस्त्र नेसत. मागचा पन्हा अरुंद असल्याने दोन पट्टे जोडून ते रुंद करत. कमरेभोवती चुण्या घालून पट्ट्याने आवळायचे आणि उरलेला भाग खांद्यावर टाकायचा. रात्री तेच पांघरूण. हे वाचताना मला आजीची नऊवारी आठवली. तेही न शिवलेले वस्त्र, अंगावर घडणारे. आपला 'वार' म्हणजे यार्डच, आणि आजच्या पूर्ण किल्टलाही साधारण आठ वार कापड लागते. फरक इतकाच की आपल्या निऱ्या पुढे, त्यांच्या मागे.

आज दिसतो तो किल्ट म्हणजे त्या वस्त्राचा फक्त खालचा अर्धा भाग. हा अर्धा भाग वेगळा कोणी केला यावर वाद आहे. एक प्रसिद्ध हकिगत अशी की १७२०-३० च्या सुमारास थॉमस रॉलिन्सन नावाच्या लँकशरच्या इंग्रज क्वेकर कारखानदाराने इन्व्हरगॅरीजवळ लोखंडाची भट्टी सुरू केली. मजुरांना ते लांब वस्त्र सांभाळत काम करणे जड जाई, म्हणून त्याने वरचा भाग वेगळा करवला. इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर यांनी १९८३ साली ही हकिगत पुन्हा चर्चेत आणली. छोटा किल्ट त्याआधीही होता, असे म्हणून इतरांनी त्यांना विरोध केला. काही असो, गाभ्याशी एक इंग्रज उभा असण्याची शक्यता स्कॉटिश लोकही हसत हसत सांगतात.

पुढचा भाग हसण्यासारखा नाही. १६ एप्रिल १७४६ रोजी कलोडनच्या लढाईत स्टुअर्ट घराण्याचे बंड मोडले गेले. त्या बंडात हायलँड्सची अनेक कुळे होती. लगेच कायदा आला आणि ऑगस्ट १७४७ पासून हायलँडचा पोशाख घालणे गुन्हा ठरला. पहिल्यांदा सापडल्यास सहा महिने तुरुंग, दुसऱ्यांदा सात वर्षे समुद्रापार काळे पाणी. ही बंदी १७८२ पर्यंत, म्हणजे पस्तीस वर्षे टिकली. बापाने नेसलेले वस्त्र मुलाने कधी पाहिलेच नाही, इतका हा काळ. या कायद्यात बंदी 'पुरुष आणि मुलगे' यांच्यावर होती. स्त्रियांचा उल्लेखच नव्हता.

कायद्याने एक सूट ठेवली होती: सरकारी फौजेत भरती झालात तर किल्ट चालेल. त्यामुळे गावातून हद्दपार झालेला पोशाख पलटणींत जगला. तिथून तो आपल्या इतिहासाला येऊन भिडतो. सातवी-आठवीत आपण इंग्रज-मराठा युद्धांची सनावळी पाठ केली होती. त्यातली २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आठवते? आजच्या जालना जिल्ह्यात आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. त्याच्याकडे ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँड पलटणी होत्या. त्या कामगिरीबद्दल कंपनी सरकारने त्यांना हत्तीचे चिन्ह आणि 'असई' हे नाव असलेले निशाण दिले. ज्यांच्या मुलुखावर लंडनने बंदी लादली, त्याच मुलुखातली माणसे लंडनसाठी दख्खनमध्ये लढली आणि मेली. हे कळल्यावर मला किल्टकडे नुसता 'गोड परदेशी पोशाख' म्हणून पाहता येईना.

मग हा बंडखोरांचा पोशाख साऱ्या देशाचा कसा झाला? ऑगस्ट १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबऱ्यात आला. जवळपास पावणेदोनशे वर्षांत गादीवरचा राजा स्कॉटलंडमध्ये आला नव्हता. स्वागताची सूत्रे कादंबरीकार सर वॉल्टर स्कॉट यांच्याकडे होती. त्यांनी सगळ्यांना हायलँडचा वेश करायला सांगितले आणि खुद्द राजानेही किल्ट घातला. 'आमच्या कुळाचा टार्टन कोणता?' याची एकच धांदल उडाली. बॅनकबर्नच्या विल्सन कंपनीचे माग त्या काळात जोरात चालले. प्रत्येक कुळाला ठरलेली चौकडी ही कल्पना बरीचशी या काळात पक्की झाली. १८४२ मध्ये तर प्राचीन टार्टनांची म्हणून जी यादी छापली गेली, ती पुढे बनावट ठरली. आणि दरबारात चौकड्या मिरवल्या जात असतानाच सदरलँडसारख्या भागात मेंढ्यांच्या कुरणांसाठी कुळांना घरांतून हुसकावून लावले गेले होते. पोशाख वाचला, माणसे गेली.

स्काउटिंगचा धागा इथून पुढचा. मुलांची शिस्तबद्ध पथके ही कल्पना ग्लासगोत १८८३ साली विल्यम स्मिथ यांनी 'बॉइज ब्रिगेड' काढून रुजवली. बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर शिबिर घेतले आणि १९०८ मध्ये पुस्तक छापले. नोंदणीचा सर्वांत जुना ज्ञात दाखला ग्लासगोच्या पहिल्या पथकाचा, जानेवारी १९०८ चा. ज्या देशात उघडे गुडघे हीच परंपरा, तिथे अर्ध्या चड्डीच्या जागी किल्ट येणे साहजिकच होते.

आणखी एक गोष्ट इथल्या प्रशिक्षणात मला कळली. लंडनजवळचे गिलवेल पार्क हे स्काउट नेत्यांचे प्रशिक्षण केंद्र १९१९ साली स्कॉटलंडच्या डब्ल्यू. डी बॉइस मॅक्लारेन यांच्या देणगीतून विकत घेतले गेले. त्यांच्या सन्मानार्थ गिलवेलच्या स्कार्फवर मॅक्लारेन टार्टनचा तुकडा शिवलेला असतो. वुड बॅज मिळवलेले नेते, मग ते कोणत्याही वंशाचे असोत, तो गळ्यात घालतात. कोणी त्यांना कूळ विचारत नाही.

राहिला 'पुरुषांचा पोशाख' हा मुद्दा. १९०९ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्याला मुली न बोलावता हजर झाल्या आणि त्यातून गाइड चळवळ उभी राहिली. ब्रिटनच्या स्काउट संघटनेने मोठ्या मुलींना १९७६ मध्ये आणि सर्व वयोगटांतल्या मुलींना १९९१ मध्ये दार उघडले. हायलँड नृत्यात मुली किल्ट घालून नाचतात, याला तर आता कित्येक दशके झाली.

आपल्याकडेही गणवेशाचा प्रश्न हक्काचाच होता. १९०९ मध्ये बंगळुरूला पहिले पथक निघाले ते गोऱ्या मुलांसाठी. भारतीय मुलांना प्रवेश नव्हता. अ‍ॅनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला भारतीय मुलांची वेगळी संघटना काढली. त्या मुलांच्या डोक्यावर हॅट नव्हे, फेटा होता आणि गाणीही इथली होती. निरनिराळ्या संघटना एकत्र येऊन १९५० मध्ये 'भारत स्काउट्स आणि गाइड्स' झाली. आपण शाळेत घातलेला निळा गणवेश त्याच वाटेने आपल्यापर्यंत आला.

एवढे वाचून झाल्यावर मी त्या ज्येष्ठ मित्रांना माझे उत्तर दिले. कूळ नाही, पण शहर आहे. टार्टनांच्या सरकारी नोंदवहीत शहरांचे आणि परगण्यांचे टार्टनही असतात. कोणता धागा किती घ्यायचा याची गणती तिथे नोंदलेली असते, आमच्या भाषेत सांगायचे तर चौकडीचा सोर्स कोड. मी एडिंबरा शहराचा टार्टन घेतला. ज्या गावात मी कर भरते, ज्या गावातल्या मुलांना गाठी शिकवते, त्या गावाचा. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि मग पट्ट्या नीट कशा बांधायच्या ते त्यांनीच मला दाखवले. पिन खालच्या कोपऱ्यात फक्त वरच्या पदराला लावायची, दोन्ही पदरांना नाही, हेही त्यांच्याकडूनच शिकले.

किल्ट मी फक्त संचलनाला आणि वचनविधीला घालते. शिबिरात नाही. भिजलेली लोकर मणभर जड होते आणि इथल्या 'मिज' नावाच्या चिलटांना उघडे गुडघे फार आवडतात. ज्या वस्त्रासाठी माणसे तुरुंगात गेली ते गंमत म्हणूनही घालू नये, असे मला वाटते.

खरा फरक पडला तो पुढे. आमच्या पथकात घरी पोलिश, मल्याळी आणि अरबी बोलणारी मुले आहेत. स्काउटचे वचन घेण्याच्या दिवशी 'आम्ही किल्ट घालू शकतो का?' असे ती हळूच विचारत. मोठ्यांच्या बैठकीत हा विषय निघाला आणि गटाने ठरवले की ज्याला घालायचा आहे त्याने घालावा. कूळ विचारायचे नाही. लहान झालेले किल्ट पालकांनी आणून द्यावेत, म्हणून सभागृहाच्या कपाटात एक पेटी ठेवली आहे. ठराव मांडला तो त्याच ज्येष्ठ मित्रांनी. पेटीतला पहिला किल्टही त्यांच्या नातवाचाच आहे.