पंडिता रमाबाई : संशय आणि शांती

धर्मांतरासरशी मनःशांती लाभते, हे गृहीत पंडिता रमाबाईंच्या (१८५८–१९२२) चरित्रास लागू पडत नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परंतु त्रैक्याचा सिद्धांत व चर्चचा अधिकार यांविषयीचे त्यांचे संशय पुढील पत्रव्यवहारात स्पष्टपणे प्रकट झाले. धर्ममाता भगिनी जेराल्डीन यांच्या आज्ञेपेक्षा स्वतःची सदसद्विवेकबुद्धी त्यांनी प्रमाण मानली. १९०७ मधील आत्मनिवेदनात त्या नमूद करतात की, बाप्तिस्म्याने ख्रिस्ती धर्म लाभला. ख्रिस्त मात्र सुमारे आठ वर्षांनी, १८९१ मध्ये गवसला. ही शांती संशय दडपून मिळालेली नाही. तो उघड मांडल्यानंतर ती आली. मतास दिलेली बौद्धिक संमती वेगळी आणि ख्रिस्तावरील विश्वास वेगळा, हा भेद त्या आठ वर्षांच्या अस्वस्थतेनंतरच त्यांना उमगला.