करोना लसीकरणामागील गावपातळीची फळी

देशात १६ जानेवारी २०२१ रोजी सुरू झालेल्या करोना प्रतिबंधक लसीकरणाने १७ जुलै २०२२ रोजी २०० कोटी मात्रांचा टप्पा ओलांडला. या काळात वृत्तपत्रांतील चर्चा लस कंपन्या, 'कोविन'वरील नोंदणी आणि मुंबईतील जम्बो केंद्रांसमोरच्या रांगा यांभोवतीच फिरत राहिली. ग्रामीण भागात लस पोचविणारी प्राथमिक आरोग्य केंद्रे आणि उपकेंद्रे त्या चर्चेत अभावानेच दिसली.

ही यंत्रणा करोनासाठी उभारलेली नव्हती. सपाट प्रदेशात ३० हजार, तर डोंगरी व आदिवासी भागात २० हजार लोकसंख्येमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि त्याखाली अनुक्रमे ५ हजार व ३ हजार लोकसंख्येसाठी उपकेंद्र, अशी तिची रचना आहे. केंद्राचा कारभार वैद्यकीय अधिकारी पाहतात; उपकेंद्राची धुरा आरोग्य सेविका आणि आरोग्य सेवक वाहतात. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाल्यावर साधारणतः हजार वस्तीमागे एक 'आशा' कार्यकर्ती या साखळीला जोडली गेली. १९८५ पासूनचा सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम याच मंडळींनी चालविला. पोलिओची मोहीमही त्यांच्याच पायांवर चालली आणि जानेवारी २०११ नंतर देशात पोलिओचा रुग्ण आढळला नाही. कोणत्या घरात गरोदर स्त्री आहे, कोणाला मधुमेह आहे, कोण ऊसतोडीला गेले आहे, याची माहिती या कार्यकर्त्यांकडे आधीपासूनच होती. करोनाच्या वेळी तीच उपयोगी पडली.

लसीकरण सत्रासाठी एक लसटोचक आणि चार सहायक अधिकारी अशी पाच जणांची पथके ठरविण्यात आली. ओळख पटविणे, नोंदणी तपासणे, गर्दी आवरणे आणि लस घेतलेल्यांवर अर्धा तास लक्ष ठेवणे ही सहायकांची कामे. कागदावर हे सोपे दिसते. खरी कसोटी होती ती कुपीची. कोविशिल्डच्या एका कुपीत १० मात्रा असत आणि ती २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावी लागे. केंद्रातील आइस लाइन्ड रेफ्रिजरेटरमधून लस वस्तीवर न्यायची, तर व्हॅक्सिन कॅरियरमध्ये बर्फाच्या पिशव्या भराव्या लागत. मात्र त्या गोठणपेटीतून काढल्याबरोबर ठेवून चालत नसे. हलविल्यावर आत पाण्याचा आवाज येईपर्यंत थांबावे लागे, कारण लस गोठली तरी निकामीच. पुन्हा, कुपी एकदा उघडली की चार तासांत संपवायची. नियमित लसीकरणातील पोलिओसारख्या काही लशींची उघडलेली कुपी अटींच्या अधीन राहून २८ दिवसांपर्यंत वापरता येते. कोविशिल्डला ती सवलत नव्हती. मग दुपारी सहाच माणसे आली असतील, तर कुपी उघडायची की त्यांना परत पाठवायचे? परत पाठविलेला माणूस पुन्हा येईलच, याची शाश्वती नसे. उरलेली चार माणसे शेजारच्या वाडीतून गोळा करून आणणे हे काम आशांनी किती वेळा केले, याची नोंद कोणत्याही संगणकात नाही.

मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयोगटासाठी लसीकरण खुले झाले, तेव्हा ऑनलाइन नोंदणी सक्तीची होती. परिणामी मुंबई-पुण्याचे तरुण पालघर, रायगडसारख्या जिल्ह्यांतील ग्रामीण केंद्रांवर मोटारी घेऊन पोचले आणि गावकरी बाहेर ताटकळले. शहरी वाचकांपैकी अनेकांना ही 'लस सहल' आठवत असेल. पुढे २४ मेपासून सरकारी केंद्रांवर थेट नोंदणीची मुभा देण्यात आली.

कोविशिल्डच्या दोन मात्रांतील अंतरही बदलत गेले. प्रथम ४ ते ६ आठवडे, मार्चमध्ये ६ ते ८ आणि मे महिन्यात १२ ते १६ आठवडे. निर्णय दिल्लीत होत असे, त्याचे स्पष्टीकरण मात्र आशाताईंना ओट्यावर बसून द्यावे लागे. लशीने वंध्यत्व येते, माणूस दगावतो, अशा अफवा होत्याच. नंदुरबार जिल्ह्यात नर्मदाकाठच्या पाड्यांवर पथकांना होडीने जावे लागले. ३ नोव्हेंबर २०२१ पासूनच्या 'हर घर दस्तक' मोहिमेत दुसरी मात्रा चुकलेल्यांच्या याद्या घेऊन घरोघर जाण्याचे कामही याच फळीवर आले.

या श्रमांचा मोबदला हा वेगळाच प्रश्न. आशांना शासकीय कर्मचाऱ्यांचा दर्जा नाही. त्यांना मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. मानधनवाढीसाठी जून २०२१ मध्ये राज्यातील सुमारे ७० हजार आशांनी संप केला. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने देशभरातील आशांचा गौरव केला. पण गौरवपत्रावर घर चालत नाही.

दुसरी किंमत मुलांनी मोजली. तीच सेविका, तेच शीतकपाट, तोच दिवस. करोनाचे सत्र आले की बालकांचे मागे पडे. २०२१ मध्ये जगभरात सुमारे अडीच कोटी बालके नियमित लशींपासून पूर्णतः वा अंशतः वंचित राहिली, असे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी जाहीर केले. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडी परिसरातून गोवरचा उद्रेक झाला, तेव्हा लस न घेतलेल्या बालकांची मोठी संख्या समोर आली. घरोघर सर्वेक्षण करून त्या बालकांना शोधण्याचे आणि अतिरिक्त मात्रा देण्याचे काम पालिकेच्या आरोग्य केंद्रांतील सेविकांनाच हाती घ्यावे लागले.