पूल कुणाचा?

मी हायस्कूलचा मुख्याध्यापक, विषय इतिहास. चौथीच्या वर्गावर जाण्याचा प्रसंग माझ्यावर सहसा येत नाही. गेल्या पावसाळ्यात मात्र आला. आमच्या प्राथमिक विभागातल्या एक बाई नदीपलीकडून येतात. बंधारा पाण्याखाली गेला आणि बाई आठवडाभर पलीकडेच अडकल्या. बदली शिक्षक मिळेना, तेव्हा म्हटले, आपणच जावे. आणि ज्या कारणाने बाई आल्या नाहीत तेच मुलांपुढे ठेवावे, म्हणून फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले : पूल.

"याला कन्नडमध्ये काय म्हणतात?" मी विचारले. निम्मा वर्ग एका सुरात ओरडला, "सेतुवे!" आमच्या मुलांना हे शिकवावे लागत नाही, ती घरात एका भाषेत जेवतात आणि गल्लीत दोन्ही भाषांत भांडतात. आपला सेतू आणि त्यांचा सेतुवे, एवढा तरी शब्द दोन्ही घरांत सामाईक आहे, असे मी म्हणत होतो, तोच पुढच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला.

"सर, मलिकवाड-दत्तवाडचा बंधारा कुणाचा? आपला की त्यांचा?"

ज्यांना हा भाग माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दूधगंगेच्या अलीकडे मलिकवाड, ते बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे कर्नाटकात. पलीकडे दत्तवाड, ते कोल्हापूर जिल्ह्यात, महाराष्ट्रात. मधल्या बंधाऱ्यावरूनच माणसांची ये-जा. त्या मुलाचे आजोळ पलीकडे. त्याच्या 'आपला' या शब्दात कोणता काठ होता हे मला कळले नाही, आणि त्यालाही ते ठरवता आले असते असे वाटत नाही. 1956 पासूनच्या प्रश्नावर मी लहानपणापासून भाषणे ऐकत आलो आहे, थोडीफार केलीही आहेत. पण नऊ वर्षांच्या पोराला द्यायला उत्तर नव्हते. "उद्या सांगतो," म्हणालो आणि घरी येऊन पुस्तके काढली. त्याचा आठवडा झाला.

पहिल्या दिवशी मी मुलांना दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशात नेले. तिथे आपुरिमाक नदीच्या खोल घळीवर केश्वाचाका नावाचा पूल आहे. लांबी सुमारे 28 मीटर, आणि तो सबंध गवताचा! डोंगरातले चिवट गवत भिजवून, कुटून, त्याच्या बारीक दोऱ्या वळतात. दोऱ्यांचे दोर, दोरांचे जाड सोल. चार सोल पायाखाली, दोन हाताला धरायला. इंका राजवटीपासून चालत आलेली ही विद्या. हा पूल दरवर्षी जून महिन्यात नव्याने बांधतात. नदीच्या आसपासच्या चार गावांनी मिळून तो बांधायचा. प्रत्येक घराने आपल्या वाट्याची दोरी वळून आणायची. बारीक दोऱ्या बायका वळतात, जाड सोल पुरुष विणतात. मग दोन्ही काठांवर माणसे उभी राहून सोल ताणतात, जुना पूल कापून खाली नदीत सोडून देतात, आणि तीन दिवसांत नवा पूल तयार होतो. चौथ्या दिवशी जत्रा. 2013 साली युनेस्कोने या परंपरेला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. महामारीच्या काळात नेमाने बांधणी झाली नाही, तर 2021 च्या मार्चमध्ये पूल तुटून पडला. त्याच वर्षी जूनमध्ये गावांनी तो पुन्हा बांधला.

मुलांचा गवतावर विश्वास बसेना. दुसऱ्या दिवशी एकीचे आजोबा अंबाडीचा वाख घेऊन शाळेत आले. त्यांचे हात बेंदराआधी कासरे वळण्यात मुरलेले. त्यांनी मुलांना पीळ द्यायला शिकवले. एक पदर ओढला की तटकन तुटतो, तीन पदरांची दोरी दोन पोरांनी ओढली तरी तुटत नाही. हे पाहून वर्गात जो गोंधळ माजला तो मी हेतुपुरस्सर थांबवला नाही. मग आजोबांनी घरून आणलेली चऱ्हाटे एकमेकांना बांधून आम्ही मैदानावर 28 मीटर अंतर मोजले. झेंड्याच्या खांबापासून विहिरीच्या थोडे अलीकडेपर्यंत भरले.

हे अंतर मला हवे होते, कारण पुढची गोष्ट तेवढ्याच लांबीच्या पुलाची होती. बोस्नियातल्या मोस्तार गावी नेरेत्वा नदीवर दगडाची एकच कमान. तिचा गाळा सुमारे 29 मीटर. सुलतान सुलेमानच्या हुकमाने मिमार हायरुद्दीन या स्थपतीने ती 1566 साली पुरी केली. दगड लोखंडी आकड्यांनी जोडून सांध्यांत शिसे ओतलेले. कमानीखालचा आधार काढायचा दिवस आला तेव्हा हायरुद्दीनने म्हणे आपली कबर आधीच खणून ठेवली होती. ही दंतकथाच, पण मुलांना तीच सर्वांत आवडली. मला मात्र गावाचे नाव आवडते. तिकडच्या भाषेत 'मोस्त' म्हणजे पूल आणि 'मोस्तारी' म्हणजे पुलाचे राखणदार. सबंध गाव राखणदारांच्या नावाने ओळखले जाते.

पुढचे सांगावे की नाही, मी जरा घुटमळलो. मग सांगितले. युगोस्लाव्हिया फुटल्यावर बोस्नियात 1992 ते 1995 युद्ध झाले. मोस्तारमध्ये पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेले क्रोट आणि बोस्नियाक मुसलमान एकमेकांवर उठले. पुलाला गोळे लागू नयेत म्हणून लोकांनी त्याला जुने टायर आणि फळ्या बांधल्या. 9 नोव्हेंबर 1993 रोजी क्रोट सैन्याच्या तोफमाऱ्याने 427 वर्षांची कमान नेरेत्वेत कोसळली. त्याच खाणीचा दगड आणून, जुन्या पद्धतीने, ती पुन्हा उभारली. 23 जुलै 2004 रोजी नवा पूल खुला झाला.

वर्ग गप्प होता. मग एक मुलगी म्हणाली, "पण सर, पाडणाऱ्यांनाही त्याच पुलावरून जावं लागत असणार ना?"

इतिहासाच्या एम.ए.ला असा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी "हो" म्हणालो आणि घंटा झाली. तिला जे सांगितले नाही ते इथे लिहितो. पूल उभा राहिला त्याच वर्षी मोस्तारच्या जुन्या नामांकित विद्यालयात दोन्ही समाजांची मुले एका छताखाली आणली गेली, पण अभ्यासक्रम दोन ठेवले. इमारत एक, वर्ग वेगळे, इतिहासाची पुस्तके वेगळी. मुख्याध्यापक म्हणून मला तुटलेल्या कमानीपेक्षाही याचीच धास्ती वाटते. मी लहानपणी ज्या शाळेत शिकलो तिथे एकाच आवारात मराठी आणि कन्नड अशा दोन शाळा होत्या. मधे भिंत होती, आणि भिंतीला मुलांनीच पाडलेले भगदाड होते. दर उन्हाळ्यात ते बुजवत, दर श्रावणात ते पुन्हा पडे. आमचा विटीदांडूचा डाव तेवढ्यासाठी कधी अडला नाही.

त्यानंतर वर्गाला थोडे हसवणे भाग होते, म्हणून न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल काढला. 1883 साली तो खुला झाला तेव्हा न्यूयॉर्क आणि ब्रुकलिन ही दोन स्वतंत्र शहरे होती. एक झाली ती पुढे 1898 मध्ये. पूल आखणारे जॉन रोबलिंग काम सुरू होण्यापूर्वीच, 1869 मध्ये, पायाच्या जखमेतून धनुर्वात होऊन गेले. मुलगा वॉशिंग्टन नदीतळाच्या पेटीत दाबाखालच्या हवेत काम करून अंथरुणाला खिळला. त्याची पत्नी एमिली गणित आणि पुलाचे शास्त्र स्वतः शिकली आणि वर्षानुवर्षे त्याच्या सूचना कामावर पोहोचवत राहिली. तारांच्या ठेकेदाराने निकृष्ट तार घातली होती. ती काढणे शक्य नव्हते, म्हणून प्रत्येक दोराला दीडशे तारा जादा घातल्या आणि पूल तरला. (ठेकेदार सगळीकडे सारखेच, हे मी वर्गात बोललो नाही.) एवढे होऊनही लोकांना भरवसा वाटेना, तेव्हा 1884 साली बार्नम यांनी आपल्या सर्कशीचे 21 हत्ती पुलावरून चालवत नेले. त्या दिवशी वह्यांत हत्तीच हत्ती!

गोव्याचे मात्र ओझरते सांगितले, कारण ते माझे घरचे आहे. 1986 च्या जुलैत पणजीचा मांडवी पूल कोसळला तेव्हा मी कॉलेजात होतो. मामा पलीकडे पर्वरीला राहत. फेरीबोटीच्या रांगेतल्या हालांचे त्यांचे पत्र आले होते. तो पूल पुरता सोळा वर्षांचाही नव्हता. आणि पोर्तुगीज व्हाइसरॉय लिन्यारिश याने 1633-34 मध्ये पणजी ते रायबंदर बांधलेला तीन किलोमीटरचा पूल त्याच नदीच्या कडेने आजही वाहने वाहतो.

आठवडा संपला. पाणी ओसरले, बाई आल्या. पहिल्या बाकावरचा तो मुलगा विसरला असेल असे मला वाटले होते. शेवटच्या तासाला त्याने मला दारात गाठले. "सर, बंधाऱ्याचं राहिलं."

मी त्याला उलट विचारले, "तू आजोळी जातोस तेव्हा त्यावरून कोण कोण येतं-जातं?" तो बोटे मोजू लागला : आई, मामा, दूधवाले, उसाच्या गाड्या, बाई, बाजाराला येणाऱ्या म्हाताऱ्या. बोटे संपली तसा तो थांबला.

माझी धाकटी बहीण नदीपलीकडे दिली आहे. 2019 च्या महापुरात नागपंचमी 5 ऑगस्टला आली होती. ती माहेरी येऊ शकली नाही. लग्नानंतर पंचमी चुकण्याची तिची ती पहिलीच वेळ. फोनवर म्हणाली, "दादा, पाणी मधे आहे हे समजतं रे, पण माझ्या अंगणातून तुमच्या बाजूची झाडं दिसतायत."

दिवाळीनंतर बंधाऱ्याला बरगे घालायचे काम निघते. चौथीचा वर्ग तेव्हा तिथे न्यायचा ठरले आहे. दोन्ही काठांच्या शाळांना पत्रे गेली आहेत, एक मराठीत, एक कन्नडमध्ये. आजोबांचे चऱ्हाट बरोबर घ्यायचे आहे. या काठापासून त्या काठापर्यंत किती वेळा टाकावे लागते ते मोजायचे आहे.