रस्त्याच्या नावातला ओढा

मंडळी, आपण बे एरियातल्या लोकांनी स्टीव्हन्स क्रीक बुलेवार्डवर आयुष्याचे किती तास घालवले असतील, याचा हिशोब न केलेलाच बरा! वाणसामान तिथेच, डोसा तिथेच, मुलांचे गणिताचे क्लास तिथेच आणि लाल सिग्नलही तिथेच. मी बारा वर्षं या रस्त्यावरून ये-जा करतोय. पण या नावात एक 'क्रीक' आहे आणि ती कुठेतरी असायला हवी, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. ते आलं बाबांमुळे.

गेल्या वर्षी मे महिन्यात आई-बाबा आले. बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सगळी नोकरी सातारा-सांगलीकडे धरणं आणि कालवे यांच्यात गेली. विमानतळावरून घरी येताना पाटी वाचून म्हणाले, "इथं खाडी आहे का रे? भरतीचं पाणी एवढं आत येतं?"

"खाडी कुठली बाबा, रस्त्याचं नाव आहे ते."

"नाव उगीच पडत नाही," एवढंच बोलून ते खिडकीबाहेर बघत बसले.

त्यांचा गोंधळ बरोबर होता. आपल्याकडे ठाणे क्रीक म्हणजे ठाण्याची खाडी, समुद्राचं पाणी आत शिरतं ती. इंग्रजांचा क्रीक तो. अमेरिकन लोक मात्र साध्या ओढ्यालाही क्रीक म्हणतात. रात्री नकाशा उघडून बसलो तर स्टीव्हन्स क्रीक नावाचा चांगला ३० किलोमीटरच्या आसपास लांबीचा ओढा निघाला. आपला बुलेवार्ड बब रोड ओलांडून फूटहिलकडे जातो तिथे पुलावरून तो पारही करतो. मी त्या पुलावरून शेकडो वेळा गेलो असेन. पूल आहे हेच कळलं नव्हतं.

त्या दिवसांत मला वेळही भरपूर होता. त्याचं कारण मी घरात फक्त बायकोला सांगितलं होतं. आई-बाबा यायच्या आठवडाभर आधी माझं प्रोजेक्ट बंद झालं आणि कन्सल्टिंग कंपनीने रीतसर नारळ दिला. एच-वन-बी वाल्यांना साठ दिवसांची मुदत म्हणजे काय, हे इथे समजावून सांगायला नको. आई-बाबांना सांगितलं, "तुमच्यासाठी रजा काढलीय." सकाळी अर्ज, दुपारी फोन, आणि संध्याकाळी बाबांना घेऊन ओढ्यावर, असा क्रम सुरू झाला.

ओढा उगम पावतो ब्लॅक माउंटनच्या पश्चिम अंगाला. डोंगर साधारण २,८०० फुटांचा. गंमत अशी, की उतरल्यावर तो सरळ खाडीकडे येत नाही. आधी आग्नेयेला जातो, मग वळसा घालून उत्तरेकडे सपाटीवर येतो. हे असं का? कारण वरची दरी ही सॅन अँड्रियास भ्रंशाची रेघ आहे. १९०६ साली ज्याने सॅन फ्रान्सिस्को पाडलं तोच हा भ्रंश. जमिनीचे दोन तुकडे जिथे एकमेकांना घासत सरकतात तिथला खडक चुरून मऊ होतो आणि पाण्याला तीच वाट सोपी पडते. बाबा म्हणाले, "कोयनेला भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होतो, आणि तू घर बघून बघून इथं घेतलंस!" (घर भाड्याचं आहे, पण तो विषय वेगळा.)

या पाण्याच्या काठी हजारो वर्षं ओलोनी लोक राहत होते. सॅन होजे भागातल्या त्यांच्या समूहांना तामियेन म्हणतात. त्यांचं मुख्य अन्न ओक झाडाची फळं, म्हणजे एकॉर्न. ती इतकी तुरट की तशीच खाता येत नाहीत. सोलायची, कुटायची, आणि पाण्याने पुन्हा पुन्हा धुऊन तुरटपणा काढायचा. त्यामुळे वाहतं पाणी ही स्वयंपाकाचीच गरज. आपल्या सह्याद्रीत आदिवासी बायका कडूकंदाच्या चकत्या वाहत्या पाण्यात ठेवतात, ते बाबांनी धरणांच्या साइटवर पाहिलेलं. १७७७ च्या जानेवारीत स्पॅनिश पाद्र्यांनी सांता क्लारा मिशन स्थापन केलं, ओलोनी लोक तिकडे ओढले गेले आणि गोवरासारख्या रोगांनी त्यांची वस्त्याच्या वस्त्या गेली. त्यांचे वंशज आजही बे एरियात आहेत. या ओढ्याला ते काय म्हणत, ते नाव मात्र नकाशावर राहिलं नाही.

नकाशावरचं पहिलं नाव पडलं २५ मार्च १७७६ ला. (त्याच महिन्याच्या १ तारखेला इकडे पुरंदरचा तह झाला होता, म्हणजे काळ डोळ्यासमोर येईल.) हुआन बाउतिस्ता दे आन्झा सॅन फ्रान्सिस्कोची जागा बघायला छोटी तुकडी घेऊन निघाला होता. मुक्काम या ओढ्यावर पडला. बरोबरचे पाद्री पेद्रो फोंत यांनी ओढ्याला इटलीतल्या कोपेर्तिनो गावच्या संत जोसेफचं नाव दिलं. आपल्या कूपर्टिनो शहराचं नाव आलं ते असं, ओढ्यावरून! शहर झालं १९५५ साली, नाव त्याच्या आधी १७९ वर्षांचं.

हे संत जोसेफ (१६०३ ते १६६३) अभ्यासात अगदी कच्चे होते. प्रार्थना करताना जमिनीपासून वर उचलले जात अशी श्रद्धा, म्हणून ते वैमानिकांचे संत. आणि धर्मगुरू होण्याची परीक्षा कशीबशी नशिबाने पास झाले, म्हणून परीक्षेला बसणाऱ्या मुलांचेही संत! कूपर्टिनोच्या शाळांसाठी तिप्पट भाडं भरणाऱ्या समस्त आई-बापांनी यावर विचार करावा. मी लेकीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "म्हणजे अभ्यास नाही केला तरी चालतो?" असो.

आता स्टीव्हन्स कोण? खरं नाव एलिशा स्टीफन्स. १८४४ साली मिसुरी नदीच्या काठावरून पन्नासेक माणसांचा तांडा कॅलिफोर्नियाला निघाला, त्याचा हा म्होरक्या. स्वतः एकटा जीव, लोहारकाम येणारा, मितभाषी. नोव्हेंबरात बर्फ पडत असताना त्यांनी काही गाड्या सिएरा नेवाडीच्या खिंडीवरून पलीकडे नेल्या. चाकाच्या गाड्या घेऊन ते डोंगर ओलांडणारा हा पहिला तांडा. उरलेल्या गाड्या राखायला तळ्याकाठी मागे राहिलेला मोझेस शालेनबर्गर नावाचा सतरा वर्षांचा पोरगा अख्खा हिवाळा तिथे एकटा काढून जिवंत परत आला. वाटेत दोन बाळं जन्मली, आणि मेलं कोणीच नाही! दोन वर्षांनी त्याच वाटेने डॉनर तांडा आला. ८७ माणसं, बर्फात अडकली, जवळजवळ निम्मी मेली. पण आज खिंडीला नाव आहे डॉनर पास, तळ्यालाही डॉनर लेक. ज्याने सगळ्यांना सुखरूप आणलं त्याच्या नावे एक ओढा, तोही स्पेलिंग चुकवून. आपली आडनावं इथे वेडीवाकडी लिहितात म्हणून आपण कुरकुरतो, यांनी त्यांच्या स्वतःच्या माणसालाही सोडलं नाही.

स्टीफन्स ओढ्याकाठी येऊन राहिला, द्राक्षं लावली, ब्लॅकबेरी लावली. ब्लॅकबेरी फार्म हे नाव तिथूनच आलं. पुढे १८६० च्या दशकात आजूबाजूला वस्ती वाढली आणि गर्दी फार झाली म्हणून तो केर्न काउंटीत, बेकर्सफील्डकडे निघून गेला असं सांगतात. १८८७ साली तिकडेच वारला. गर्दीबद्दलची त्याची तक्रार वाचून बाबा हसले. आम्ही तेव्हा बुलेवार्डवर सिग्नलला तिसऱ्यांदा अडकलो होतो.

त्यानंतर द्राक्षमळे आले, मुळांना लागणाऱ्या किडीने गेले. मग जर्दाळू, चेरी आणि प्रून यांच्या बागा. खरी गोष्ट इथे सुरू होते, कारण बागांना पाणी लागतं. सुरुवातीला या खोऱ्यात विहीर खणली की पाणी आपोआप उसळून वर येई. मग पंप आले. उपसा इतका झाला की जमीनच खचायला लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून १९७० पर्यंत सॅन होजेचा मध्यभाग सुमारे १३ फूट खाली गेला. १३ फूट म्हणजे दीड मजला! १९२९ साली पाण्यासाठी जिल्हा मंडळ स्थापन झालं आणि १९३५ च्या सुमारास त्यांनी एकदम अनेक धरणं बांधली. त्यातलं एक स्टीव्हन्स क्रीकवर.

या धरणावर बाबांना नेलं तो दिवस मला आठवतो. साठातले चाळीस दिवस संपले होते. धरणाची क्षमता ३,१०० एकर-फुटांच्या आसपास. बाबांनी मोबाइलवर गुणाकार केला आणि म्हणाले, "०.१३५ टीएमसी. कोयना १०५. ह्याला धरण म्हणतात होय रे?" मग बराच वेळ सांडवा बघत राहिले. विचारलं, "कालवा कुठंय?" कालवा नाहीच. हिवाळ्यात पाऊस साठवायचा आणि नंतर हळूहळू ओढ्यातच सोडायचा. खाली गोटे-वाळूच्या पात्रातून ते जमिनीत मुरतं, आणि पुढे विहिरींतून वर येतं. बाबांचा चेहरा एकदम खुलला. "अरे, हा तर पाझर तलाव! बहात्तरच्या दुष्काळात रोजगार हमीवर आपण गावोगाव हेच केलं. पाणी अडवा, पाणी जिरवा!"

परत गाडीत बसताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "तुझी रजा किती दिवसांची आहे?" मी खरं काय ते सांगितलं. ते काही बोलले नाहीत. बरंच खाली आल्यावर म्हणाले, "आईला इतक्यात सांगू नकोस. इंटरव्ह्यू किती झालेत?"

धरणाने जमीन वाचवायला हातभार लावला. पूर्ण खचणं थांबलं ते १९६० च्या दशकात बाहेरचं पाणी पाइपाने आल्यावर. पण त्या भिंतीने दुसऱ्या कोणाची तरी वाट बंद केली. या ओढ्यात स्टीलहेड मासा येतो. गोड्या पाण्यात जन्मतो, समुद्रात मोठा होतो आणि अंडी घालायला पुन्हा ओढ्यात चढतो. धरणाला माशांसाठी शिडी नाही, त्यामुळे वरची थंड दरी त्याला १९३५ पासून बंद. राहिला खालचा तुकडा, आणि त्यातही मधे सिमेंटचे अडथळे. १९९७ साली हा मासा धोक्यात आलेला म्हणून कायद्याने संरक्षित झाला. कूपर्टिनो शहराने ब्लॅकबेरी फार्ममधले ओढ्यातले अडथळे काढले, काठाने स्थानिक झाडं लावली, आणि २००९ साली तिथली पायवाट खुली केली. आम्हाला मासा दिसला नाही. बाबा प्रत्येक डोहात वाकून बघत.

आणि मग आपला, म्हणजे संगणकवाल्यांचा अध्याय. ओढा हायवे ८५ च्या कडेकडेने माउंटन व्ह्यूत उतरतो. तिथून जवळच मिडलफील्ड, एलिस आणि व्हिस्मन या रस्त्यांच्या परिसरात चिप बनवणारे कारखाने होते. फेअरचाइल्ड, इंटेल, रेथिऑन. चिप धुण्यापुसण्याचे द्रव जमिनीखालच्या टाक्यांतून आणि पाइपांतून गळत राहिले. ट्रायक्लोरोएथिलीन भूजलात शिरलंय, हे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला उघड झालं. ते पाणी उपसून स्वच्छ करण्याचं काम अजून चालू आहे. अशा केंद्र सरकारच्या सुपरफंड यादीतल्या २३ जागा आपल्या सांता क्लारा काउंटीत आहेत, देशातल्या कुठल्याही काउंटीपेक्षा जास्त. एका पिढीने जमिनीत पाणी मुरवायला धरण बांधलं आणि पुढच्या पिढीने त्याच जमिनीत हे मुरवलं. मला कॉलेजात चिप कशी बनते ते शिकवलं होतं. ती कशाने धुतात आणि ते पाणी कुठे जातं, हे चार वर्षांत एकाही पेपरात आलं नव्हतं.

बावन्नाव्या दिवशी मला नवीन काम मिळालं. पगार आधीपेक्षा कमी, पण मिळालं. आईला तेव्हाच एकदम सगळं सांगितलं. ती बाबांवर जास्त चिडली.

ओढ्याचं टोक बघायचं राहून गेलं होतं. ऑक्टोबरात, त्यांच्या परतीच्या आधीच्या रविवारी, शोअरलाइनला गेलो. वाटेत पुलाखाली पात्र कोरडं ठणठणीत होतं, नुसते गोटे. बाबा म्हणाले, "जिरलं सगळं." पण पुढे एका बाजूला मॉफेट फील्डचा १९३३ चा तो अवाढव्य हँगर आणि गूगलच्या नव्या इमारतींची छपरं, दुसऱ्या बाजूला जुनी मिठागरं, आणि मधून पुन्हा पाणी दिसायला लागलं. ओहोटी होती. दोन्ही काठांना काळा चिखल उघडा पडला होता आणि त्यात लांब चोचीचे पक्षी टोचत होते. वास थेट ठाण्याचा.

बाबांनी चपला काढून काठावर ठेवल्या, कठड्याला टेकले आणि म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच म्हणालो होतो. खाडी आहे."